मऊ काडतूस

ज्वारीची पत्र्याची कोठी सामानाच्या खोलीच्या दारातून बाहेर निघेना, तेव्हा आबांनी सुताराला बोलावून चौकटच काढायला लावली.

"अहो, मामंजींनी कोठी आत ठेवली आणि मग भिंती घातल्या," आई म्हणाली. "ती बाहेर काढायची असं त्यांच्या मनात सुद्धा नव्हतं."

"आता निघंल," आबा म्हणाले.

चौकट निघाली, कोठी निघाली. मग लोणच्याच्या बरण्या, गुळाच्या ढेपा, शेंगांची पोती आणि सगळ्यात शेवटी खुंटीवरची आईची सुपं. दुपारपर्यंत आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. आलागेला प्रत्येक माणूस पोती ओलांडत विचारायचा, घर बदलताय काय? आई म्हणायची, घर नाही, काळ बदलतोय. लोकांच्या घरात दारू बाटलीतून येते, आमच्याकडे बंदुकीची, डब्यातून यायचीय.

मी खांबाला टेकून हे बघत होते. सगळं माझ्यासाठी चाललं होतं आणि मला त्यातलं काहीही नको होतं.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोल्हापुरात पोरीच्या खांद्यावर बंदूक दिसली तर कुणी वळून बघत नाही, तसं माझ्याकडेही कुणी बघायचं नाही. यंत्रातून मातीची चकती उडते, ती लांब जायच्या आत हवेत फोडायची, हा माझा खेळ. मी राज्याच्या संघात होते. पेपरात दोनदा नाव आलं होतं, एकदा चुकीचं. आणि गेल्या हिवाळ्यापासून मला बंदुकीची भीती वाटायला लागली होती.

भीती म्हणजे टाकून पळावं अशी नव्हे. घोडा दाबला जायच्या किंचित आधी खांदा आपोआप मागे सरकायचा आणि पापणी मिटायची. तेवढ्यात नळी खाली झुकायची आणि चकती सुखरूप निघून जायची. ह्याला आमच्याकडे खांदा चोरणं म्हणत. कारण विचाराल तर नाही. इंदूरच्या मैदानावर एका सकाळी ते आलं आणि माझ्याबरोबर गाडीत बसून घरी आलं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं कारण सांगता येणार नाही.

आबांनी मात्र कारण शोधून काढलं होतं.

"काडतुसं खराब हाईत," ते म्हणाले होते. "एकात दारू ठासून भरलीया, दुसऱ्यात नुसती चिमूट. एक मुका मार देतंय, दुसरं गुदगुल्या करतंय. पोरीनं खांदा द्यावा कसा? बाजारचा माल बंद. घरात भरू. मऊ भरू."

माझे वडील, हिंदुराव इंगवले, एकदा असं म्हणाले की झालं. त्यांच्या तरुणपणी त्यांचा नेम जिल्ह्यात गाजलेला होता. मी जन्मायच्या आधीच त्यांनी बंदूक सोडली. खांदा दुखावला, डॉक्टरांनी नको म्हटलं, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आठवी-नववीत गेल्यावर त्यांनी तीच बंदूक माझ्या खांद्याला लावून बघितली, दस्ता कापून माझ्या मापाचा केला आणि तेव्हापासून माझा एकही सराव चुकवला नाही. असल्या माणसाला, मला भीती वाटते, हे कसं सांगायचं? मी मान हलवली. आबा सरकारी परवानगीच्या मागे लागले.

परवानगी मिळेस्तोवर खोली तयार झाली होती. अशी खोली मी परत कुठे पाहिली नाही. दारूचं लाकडी कपाट एका भिंतीला, टोप्यांचं कपाट अगदी समोरच्या भिंतीला. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातली ती छोटी वाटी, घोडा दाबला की जिच्यावर खीळ आपटते आणि ठिणगी पडते. ह्या दोघींची गाठ टेबलावरच पडायची, आधी नाही. मधे सागवानी टेबल, भिंतीला बोल्टनं आवळलेलं. त्यावर काडतूस दाबून बंद करायचं यंत्र. शेजारी गुजरीतल्या एका सराफाकडून आणलेला काचेच्या पेटीतला काटा. सोनं तोलायचा काटा दारू तोलायला लागला. काडतुसांच्या वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. छरे जमिनीवर, कारण त्यांच्या वजनानं फळी वाकायची. दिव्याचं बटण खोलीबाहेर. आत जाताना सुती कपडे, हातात बांगडी नाही, पायात चप्पल नाही.

दाराशी तांब्याची एक पट्टी ठोकली होती. आत पाऊल टाकण्याआधी तिला हात लावायचा, म्हणजे अंगात साठलेली वीज निघून जाते. हे आबांनी आईला दोनदा समजावलं. तरी आई पट्टीला हात लावून तो कपाळाला न्यायचीच. परवानगीआधी खोली तपासायला फौजदार आले, त्यांनी आईचं बघितलं आणि तेही तसंच करून आत गेले. त्यानंतर आबांनी समजावणं सोडून दिलं.

भिंतीपलीकडे आमचं देवघर होतं. तिथं समई नको म्हणून देव स्वयंपाकघरात गेले.

"एका पोरीपायी तेहतीस कोटी उठले," आई मला म्हणाली. "आता पदक तरी सोन्याचं आण."

हे ती थट्टेनं म्हणायची. पण रोज म्हणायची.

दार मात्र बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं होतं. काही पेटलंच तर खांद्याचा एक धक्का आणि माणूस बाहेर. मी टेबलापाशी बसून त्या दाराकडे पुष्कळ बघितलं आहे.

चैत्राचा उकाडा सुरू झाला आणि आम्ही दोघं रोज दुपारी आत बसायला लागलो. काटा हलतो म्हणून पंखा नव्हता. धूळ येते म्हणून खिडकी बंद. आबा दारू मापून ताटलीत ओळीनं उभ्या केलेल्या पुंगळ्यांत ओतायचे, मी पुढचं करायचे. त्यांचा एक नियम सगळ्यांच्या वर होता. ताटली भरत असताना बोलायचं नाही. बोलण्यात लक्ष गेलं, एका पुंगळीत दारू दोनदा पडली, तर बंदूक हातात फुटेल. म्हणून कुणी एक शब्द जरी काढला, तरी भरलेली ताटली पूर्ण रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरू. त्यामुळे बापलेकीनं एवढा वेळ एकत्र घालवला आणि बोलणं असं काही झालं नाही.

पुण्याची निवड चाचणी जवळ आली. तिथं जाऊन सगळ्यांसमोर खांदा चोरायचा, ह्या विचारानं मला जेवण जाईना. मी आईला गाठलं. ती सोप्यात, पोत्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तांदूळ निवडत बसली होती.

"आई, मला बंदूक सोडायचीय."

आईनं सूप खाली ठेवलं. कोठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत्ता सांगतीस? चौकट काढायच्या आधी नाही सांगायचं?"

"तेव्हा धाडस झालं नाही."

"आता झालंय का?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"हे बघ पदू," आई म्हणाली, "मी सांगितलं तर ते म्हणतील बाईनं पोरीचं मन फिरवलं. तूच सांग. पण लवकर सांग बाई. ही कोठी इथं ठेवल्यापासून मला उंदरांनी झोप दिलेली नाही."

दुसऱ्या दिवशी खोलीत मी ठरवूनच बसले. बाहेर आबा एकटे सापडतच नसत. खोली बघायला माणसं यायची आणि आबा त्यांना काटा दाखवत, पट्टी दाखवत, दार उघडमीट करून दाखवत. मग आतच बोलायचं, नियम गेला खड्ड्यात. ताटली अर्धी भरली होती.

"आबा, मला..."

त्यांनी तळहात वर केला. चिडले नाहीत. पुंगळ्या एकेक करून उलट्या केल्या, दारू डब्यात परत गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून मापायला सुरुवात केली. ताटली अर्धी भरल्यावर मी परत तोंड उघडलं. त्यांनी परत तळहात वर केला, परत सगळं उलटं केलं. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि तो टेबलावर पडू नये म्हणून ते मान बाजूला धरत होते. तिसऱ्या खेपेला माझ्यानं बोलवेना. ताटली भरली, काडतुसं बंद झाली, आबा म्हणाले, "बोल, काय म्हणत हुतीस?" मी म्हणाले, "काही नाही, पाणी पाहिजे होतं."

काडतुसं खरंच मऊ झाली होती. दर रविवारी माळावर आबा विचारायचे, "आता कसं?" मी म्हणायचे, "मऊ." पुढच्या आठवड्याला ती आणखी मऊ व्हायची, सगळी एकसारखी, एकात आणि दुसऱ्यात कणाचा फरक नाही. शेवटी शेवटी तर कुणी उशीनं हलकं ढकलावं एवढाच धक्का लागायचा. आणि खांदा चोरणं तसंच. उलट वाढलं. पूर्वी निदान काडतुसावर ढकलता यायचं. आबा एकेक सबब काढून घेत होते आणि त्यांना वाटत होतं ते मला मदत करतायत.

मग एका दुपारी त्यांनी मला खोलीत येऊ दिलं नाही.

"आज तू अभ्यास कर. मी एकटा बसतो."

मला सुटी मिळाल्याचा आनंद झाला. संध्याकाळी आई डबे धुंडाळत होती. म्हणाली, शिऱ्याला रवा काढावा म्हटलं तर डबा अर्धा झालाय, ह्या घरात उंदीर आता रवा पण खायला लागले.

रविवारी आम्ही माळावर गेलो. कागलच्या वाटेला मुरमाड रान होतं, तिथं आबांचे जुने मित्र जिनगोंडा पाटील यांनी चकत्यांचं यंत्र खड्ड्यात बसवलं होतं. जिनगोंडाकाका खड्ड्यात उतरून बसायचे. वरून हाक आली की चकती सोडायची. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, फक्त ऐकू यायचो. ऊन अजून कोवळं होतं.

आबांनी काडतुसांची पिशवी माझ्या कमरेला बांधली. मी हाक दिली, चकती उडाली, बार झाला, चकती साबूत गेली. दुसरीही गेली. तिसऱ्याला मी हाक दिली, बंदूक फिरवली, घोडा दाबला आणि नुसता टक् आवाज झाला.

बार नाही, धक्का नाही, काही नाही. आणि त्या शांततेत माझा खांदा मागे गेला, नळी खाली आली आणि डोळे घट्ट मिटले. एरवी हे सगळं बाराच्या आवाजात झाकून जायचं. आज झाकायला काहीच नव्हतं.

डोळे उघडले तर आबा माझ्याकडे बघत होते.

"बघितलंस?"

"बघितलं."

"त्यातली टोपी जळालेली, ठोकून सपाट केल्याली. दारू न्हवती. तरी खांदा गेला."

"हो."

"म्हंजे काडतुसाचा दोष न्हाई."

किती महिने मी ह्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं तेव्हा मला फक्त लाज वाटली. चोर पकडावा तसं त्यांनी मला पकडलं होतं, तेही माझ्यासाठी म्हणून बांधलेल्या खोलीत बसून.

"कशी केलीत?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"दारूच्या जागी रवा," आबा म्हणाले. "वजन कमी भरू ने म्हणून. थोडी खरी, थोडी खोटी, पिशवीत मिसळल्याली. तुला ओळखू यायची न्हाईत." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मला येत्यात. बोटाला कळतंय."

"आबा, मला तुमच्याशी..."

"ह्यात भ्यायचं काय हाय ते मला सांग," ते म्हणाले. "एवढं मऊ केलंय. शाळंतलं पोरगं उडवील. आण हिकडं."

त्यांनी माझ्या हातून बंदूक घेतली. पिशवीत हात घातला, एक काडतूस बोटांत फिरवलं, ठेवलं, दुसरं फिरवलं, ते घेतलं.

"काका, सोडू नका लगेच," मी ओरडले. "आबा मारतायत."

खड्ड्यातला यंत्राचा खडखडाट थांबला.

"हिंदुराव?" जिनगोंडाकाका म्हणाले. "खांद्याचं काय रं तुझ्या?"

"तू चकती सोड."

आबांनी बंदूक खांद्याला लावली. मी त्यांना असं उभं राहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पाय, कंबर, गाल, सगळं जिथल्या तिथं. लोक जे सांगायचे ते खरं होतं तर. त्यांनी हाक दिली. चकती डावीकडून उडाली, नळी सफाईनं तिच्या मागे गेली.

टक्.

आबांचा खांदा माझ्यापेक्षा जास्त गेला. मान वर उचकली, नळी जवळजवळ जमिनीकडे वळली, एक पाऊल मागे पडलं. डोळे मिटलेले. चकती लांब गवतात जाऊन पडली तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"काय झालं?" खड्ड्यातून हाक आली. "बार का न्हाई झाला?"

आबांनी डोळे उघडले.

"टोपी खराब असंल," ते म्हणाले.

"टोपी जळालेलीच आहे त्यात आबा," मी म्हणाले. "रवा आहे."

त्यांनी बंदूक मधोमध वाकवून उघडली आणि काडतूस बाहेर काढलं. तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिले. ते त्यांनीच केलेलं होतं, इतक्या निगुतीनं केलेलं की त्यांच्याही बोटाला कळलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या आईला बघायला गेलो, त्याच्या आधीपासनं."

"आणि खांदा? डॉक्टर?"

"खांद्याला काय झालंय? कोठी उचलली की परवा." ते मुरमात बसले. बंदूक मांडीवर आडवी घेतली. "मी असाच खांदा चोराय लागलो. तुझा आजा म्हणाला काडतुसं खराब. मी म्हटलं व्हय. ती बदलली, तरी तेच. मग म्हटलं खांदा दुखतोय. ते समद्यांना पटलं. मला सारखं वाटायचं, त्या वक्ताला काडतुसं नीट भरून मिळाली असती, एकसारखी, मऊ..."

मला कळलं की ती खोली माझ्यासाठी नव्हतीच. काटा, पट्टी, कपाटं, देव हलवले ते, सगळं एका जुन्या नेमबाजासाठी होतं, आणि मी फक्त त्याचा खांदा होते.

मला राग आला. चांगलाच आला. अख्खा उन्हाळा बंद खिडकीआड मी घाम गाळला तो ह्यांच्या दुखण्यापायी. त्या रागाच्या भरात, जे खोलीत तीनदा घशाशी येऊन परत गेलं होतं, ते तोंडातून निघून गेलं.

"मला सोडायचीय बंदूक. मी पुण्याला जाणार नाही."

"नगं जाऊ," आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही.

"कायमची सोडायचीय, आबा."

"सोड की. मी कुठं धरून ठेवलंय?" त्यांनी मांडीवरच्या बंदुकीकडे बघितलं. "ठेवलं हुतं. आता न्हाई ठेवत. आईला मी सांगतो."

बस, एवढंच. एवढ्यासाठी मी जेवण टाकलं होतं. हातात एकदम काहीच धरायला उरलं नाही आणि काय करावं ते सुचेना. मी कमरेची पिशवी सोडली आणि त्यांच्यापुढे ठेवली. माझी सायकल बाभळीला टेकलेली होती. घरी जाऊन आंघोळ करावी, अभ्यासाचं पुस्तक उघडावं, दुपारी पंख्याखाली झोपावं, असं सगळं एकदम मनात आलं. मी सायकलपर्यंत गेलेसुद्धा.

"पदू."

मी वळून बघितलं. आबा उभे राहिले होते. बंदूक उघडून हातावर आडवी धरली होती आणि तोंड माझ्याकडे नाही, खड्ड्याकडे होतं.

"जायचं तर जा," ते म्हणाले. "पण माझं एक काम करशील? पिशवीतलं कुठलंबी एक घाल हिच्यात. खरं का खोटं मला सांगू नगं."

"मला ओळखू येत नाही, कुठलं खरं ते."

"मग बरंच झालं."

त्यांनी मान पलीकडे फिरवली, लहान मूल सुई टोचून घेताना फिरवतं तशी. सुती सदरा पाठीला घामानं चिकटला होता. ह्या पाठीला मी एवढी वर्षं भ्याले होते.

"अरे सोडायची का न्हाई चकती?" जिनगोंडाकाका खड्ड्यातून वैतागून म्हणाले. "का घरला जाऊ?"

"थांब जरा," आबा म्हणाले. "पोरगी भरतीया."

मी परत आले. पिशवीत हात घालून एक काडतूस काढलं, नळीत सरकवलं, बंदूक मिटली. आबांनी ती खांद्याला लावली आणि हाक दिली. ह्या वेळी बार झाला. चकती मात्र साबूत गेली. मी चकतीकडे न बघता माणसाकडे बघत होते.

"चोरला काय गं?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

त्यांना हे आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

"चोरला, आबा," मी म्हणाले, आणि पुढचं काडतूस घेतलं.